नळावरचा कागद

गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता मी ज्या स्वयंपाकघरात उभी असते, तिथे नळाच्या वर एक कागद चिकटवलेला आहे. कागदावर माझ्या हस्ताक्षरात, देवनागरीत, वीस ओळी. पहिली ओळ : किसीपेकिनिचिह्चे. म्हणजे ‘हात धू’. एकाच शब्दात धुणं आहे, हात आहेत आणि समोर उभ्या असलेल्या पोराला केलेली आज्ञाही आहे. हा शब्द न अडखळता तोंडातून यायला मला तीन गुरुवार लागले. चौथ्या गुरुवारी चार वर्षांच्या एका मुलाने तो ऐकला, बाह्या वर सारल्या आणि नळाखाली हात धरले. त्याला त्यात काहीच विशेष वाटलं नाही. मला मात्र टॉवेल देताना भरून आलं. त्याची आई चार वर्षांची होती तेव्हा तिला हे वाक्य कुणीच म्हटलेलं नव्हतं.

भाषा क्री. बोलणारे तिला नेहियवेविन म्हणतात. कॅनडात रॉकी पर्वताच्या पायथ्यापासून पार पूर्वेला लॅब्रॅडॉरपर्यंत तिच्या बोली पसरलेल्या आहेत. साधा ‘मी’ घ्या. इकडे मैदानी मुलखात तो ‘निय’, जंगलपट्ट्यात ‘नीथ’, दलदलीच्या मुलखात ‘नीन’ आणि मूस नदीकडे ‘नील’. दर बारा कोसांवर भाषा बदलते हे ज्यांनी लहानपणापासून ऐकलं, त्यांना हे समजावून सांगायला नको. 2021 च्या जनगणनेत क्रीच्या सगळ्या बोली मिळून सुमारे 86 हजार बोलणारे निघाले. कॅनडाच्या मूळ रहिवाशांच्या भाषांत ही सर्वांत मोठी, आणि तरीही एडमंटनसारख्या शहरात ती आजीच्या खोलीत उरलेली.

अल्बर्टा प्रांतातलं एडमंटन हे आमचं गाव. 2009 पासून आम्ही इथे आहोत. या गावाचंही क्री नाव आहे : अमिस्क्वचीवास्कहिकन, बीव्हरच्या टेकड्यांपाशी असलेलं घर. 1876 साली इथल्या मूळ रहिवाशांच्या राष्ट्रांनी ब्रिटिश राणीशी सहावा तह केला, त्या तहाचा हा प्रदेश. मला इथे येऊन आठ वर्षं झाली तरी यातलं काही ठाऊक नव्हतं. मी पाळणाघरात काम करते. तिथे मूल सोडायला येणाऱ्या एका आईने एक दिवस विचारलं, गुरुवारी संध्याकाळी तासभर दोन-चार लहानग्यांना सांभाळशील का? त्यांचा क्रीचा वर्ग असतो, आणि वर्गाचा नियम असा की एकट्याने यायचं नाही. आई, मूल, आजी-आजोबा, जे कुणी घरात असेल त्यांनी मिळून यायचं. अगदीच लहानग्यांना मात्र वेगळं बसवावं लागतं.

मी हो म्हटलं. दोन-तीन आठवडे गेले आणि वर्ग चालवणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की मोठी माणसं या खोलीत क्री शिकताहेत आणि पलीकडच्या खोलीत त्यांचीच मुलं माझ्याबरोबर तासभर इंग्रजीत खेळताहेत. अस्खलित बोलणारं माणूस पाळण्यापाशी बसवायला त्यांच्याकडे जास्तीचं नव्हतं. मग त्यांनी मलाच वीस वाक्यं शिकवली. ये, बस, खा, पाणी पी, झोप, दार लाव, दुखतंय का, बूट काढ. तेवढ्याच वाक्यांत तास काढायचा. शब्द सापडला नाही तर हातवारे करायचे, गुणगुणायचं, पण त्या खोलीत इंग्रजी शिरू द्यायची नाही. पाळणाघराच्या कामात मला आजवर जे जे शिकवलं गेलं, त्यात हे सगळ्यांत अवघड.

एक गोष्ट मला सोपी गेली. क्रीतले प, त, क हे आपल्यासारखे कोरडे असतात. इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी त्यांत नकळत फ, थ, ख यांचा वारा शिरतो, आपल्या तोंडी शिरत नाही. त्यांचा च हा आपल्या ‘चाक’मधल्या चच्या जवळचा, ‘चहा’मधला नव्हे. ऱ्हस्व अ तर थेट आपलाच. वर्गातल्या बाई एकदा म्हणाल्या, “तुझ्या तोंडात जागा आहे आमच्या शब्दांना.” क्रीत पाहुण्याला ‘तवाव’ म्हणतात. आत या, जागा आहे, असा त्याचा अर्थ.

त्या चार वर्षांच्या मुलाचं कुटुंब मी जवळून पाहिलं, म्हणून त्यांच्याबद्दल लिहिते. नावं लिहीत नाही. मुलाच्या आजीला तिथे सगळे ‘कोहकुम’ म्हणतात. कोहकुम म्हणजे ‘तुझी आजी’. ‘माझी आजी’ म्हणायचं तर नोहकुम. नुसती, कुणाचीच नसलेली आजी क्रीत नाही. नात्याच्या आणि शरीराच्या अवयवांच्या शब्दांना मालक लागतोच. डोकं माझं असेल, तुझं असेल. कुणाचं ते माहीत नसेल तर ‘कुणाचं तरी’ असं म्हणावं लागतं. ज्या भाषेत आजी ही कुणाची तरी असल्याशिवाय उच्चारताच येत नाही, त्या भाषेच्या हजारो आज्यांपासून नातवंडं तोडली गेली, हे मला फार उशिरा उमगलं.

कॅनडा सरकारने चर्चच्या मदतीने निवासी शाळा चालवल्या, 1880 च्या दशकापासून शंभर वर्षांहून अधिक काळ. दीड लाखाच्या आसपास मुलं त्यातून गेली. 1920 मध्ये कायद्याने सक्ती आली. मूल पाठवलं नाही तर आईबापांवर कारवाई. आपली भाषा बोलली की शिक्षा. सस्कॅचवनमधली गॉर्डन्सची शाळा 1996 मध्ये बंद झाली, म्हणजे ही माझ्या कॉलेजच्या दिवसांतली गोष्ट आहे. 2008 साली पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. 2015 मध्ये सत्यशोधन आणि सलोखा आयोगाने आपल्या 94 मागण्या मांडल्या. त्यांत भाषांसाठी स्वतंत्र मागण्या होत्या आणि 2019 मध्ये आदिवासी भाषांचा कायदाही झाला. हे सगळं वाचून कळतं. आजींकडून कळलं ते वेगळं होतं.

आजी सहा वर्षांच्या असताना त्यांना नेलं. तिथे काय झालं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. एकदा बटाटे सोलता सोलता, माझ्याकडे न बघता, त्या एवढंच म्हणाल्या, “मुलीशी मी मुद्दाम इंग्रजीत बोलले. मला वाटलं, तिचा मार मी वाचवतेय.” सोललेला बटाटा त्यांनी पाण्यात टाकला आणि दुसरा घेतला. आजींना क्री सगळी कळते. कुणी विनोद सांगितला तर सगळ्यांच्या आधी त्यांचे डोळे हसतात. पण बोलायला गेलं की शब्द गळ्याशी येऊन थांबतात. अशी माणसं त्या वर्गात बरीच आहेत. साठीपुढची, सगळं समजणारी आणि गप्प. वर्गातल्या बाई कधीही त्यांना ‘तुम्हाला येत नाही’ असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, भाषा झोपली आहे, हलकेच उठवायची.

त्यामुळे या घरात शिकण्याची गंगा उलटी वाहते. बत्तीस वर्षांची मुलगी विद्यापीठात दोन अभ्यासक्रम करून व्याकरण घेऊन आली. तिला क्रियापदाचं रूप चालवता येतं, पण ती रूपं तिच्या कानावरून कधी गेलेली नाहीत. आईच्या कानात सगळं आहे, पण तोंडात येत नाही. मधे चार वर्षांचं पोर, ज्याला दोघींमधलं काहीच ठाऊक नाही आणि जे हातात मिळेल ते वाक्य उचलून पळतं.

घरी क्री आणायची म्हणून सुरुवातीला त्यांनी सगळे करतात तेच केलं. फ्रिजवर चिठ्ठी, खुर्चीवर चिठ्ठी, आरशावर चिठ्ठी. महिन्याभरात चिठ्ठ्या भिंतीच्या रंगासारख्या झाल्या, कुणाला दिसेनात. क्री ही क्रियापदांची भाषा आहे. नामं चिकटवून ती घरात येत नाही. ‘खुर्ची’ हा शब्द दिवसातून किती वेळा लागतो? ‘बस’ मात्र पन्नास वेळा लागतो. मग वर्गातल्या बाईंनी त्यांना वेगळाच मार्ग सांगितला, आणि माझ्या मते सगळ्या घरांना सांगावी अशी ती गोष्ट आहे. अख्खं घर एकदम क्रीत आणायला जाऊ नका. एक वाट निवडा. त्यांनी निवडली दारापासून ताटापर्यंतची वाट. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं की केतस्किसिने, बूट काढ. किसीपेकिनिचिह्चे, हात धू. अपि, बस. मीचिसु, जेव. एवढ्या वाटेवर काहीही झालं तरी इंग्रजी नाही. वाटेत एखादं वाक्य अडलं तर बोटाने दाखवायचं किंवा आजींना फोन लावायचा, पण इंग्रजीत उडी मारायची नाही. ती वाट पायाखालची झाली की मग पुढची : आंघोळीपासून अंथरुणापर्यंत. गाडीतला प्रवास फार नंतर आला. गाडीत पोरं प्रश्न विचारतात, आणि प्रश्नांना उत्तरं द्यायला पुष्कळ भाषा लागते.

जोशुआ फिशमन या भाषाशास्त्रज्ञाने 1991 मध्ये लिहून ठेवलंय की घरात, एका पिढीकडून दुसरीकडे भाषा आपसूक जात नसेल, तर शाळा, रेडिओ, सरकारी फलक यांनी ती तगत नाही. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी 1982 पासून भाषेची घरटी काढली. लहान मुलं आणि आजी-आजोबा एकाच खोलीत आणि त्या खोलीत फक्त माओरी. आमची गुरुवारची खोली हे त्याच घरट्याचं एक छोटंसं रूप. पण घरटं तासाभराचं आणि घर चोवीस तासांचं. घरातलं काम फार एकटं असतं, ते कुणाला दिसतही नाही.

मुलाची आई एकदा मला म्हणाली, आणि हे वाक्य माझ्या मनातून जात नाही : “इंग्रजीत मी जेवढी आई आहे, तेवढी क्रीत नाही.” इंग्रजीत ती त्याला समजावू शकते, चिडवू शकते, त्याची खोटी कारणं पकडू शकते. क्रीत तिच्याकडे दीडशे वाक्यं. पोर रडत आलं, शाळेत कुणी तरी ढकललं म्हणून, तर त्याला कुशीत घेऊन म्हणायचं काय? तिला येतं ते ‘ये’ आणि ‘बस’. अशा वेळी इंग्रजीत बोलावं की क्रीत गप्प राहावं? तिने पहिल्या वर्षी पुष्कळदा गप्प राहणं निवडलं आणि मग रात्री त्याची खंत करत बसली. मला वाटतं, त्या रात्रींसाठी कुणी तरी आधी चार प्रेमाची वाक्यं शिकवायला हवी होती. रंग, आकडे, प्राणी नंतर येतील. पहिल्या आठवड्यात ‘किसाकिहितिन’, माझं तुझ्यावर प्रेम आहे, आणि ‘कियाम’, असू दे, जाऊ दे. कियाम हा शब्द मला फार आवडतो. पडलेल्या पोराला, सांडलेल्या दुधाला, चुकलेल्या क्रियापदाला, सगळ्यांना चालतो.

चुकीच्या क्रियापदाचीही एक गोष्ट आहे. वर्गात थट्टा खूप चालते, ती प्रेमाची असते, क्री घरांत हसण्यावरच माणसं जगली असं वर्गातल्या बाई म्हणतात. पण एका गुरुवारी आजींच्या या मुलीने मोठं वाक्य बोलायचा प्रयत्न केला, शेवट चुकला आणि एक म्हातारे गृहस्थ खळखळून हसले. ती पुढचे तीन आठवडे आली नाही. चौथ्या आठवड्यात आली तेव्हा आजी तिच्याशेजारी बसल्या होत्या. मुलगी चुकली की आजी तेच वाक्य बरोबर करून हळूच म्हणायच्या, जणू तिच्या बोलण्याला दुजोरा देताहेत. ‘चुकलं’ असं म्हणायच्या नाहीत. आणि असं करता करता, मुलीला दुजोरा देण्यासाठी म्हणून, आजी बोलायला लागल्या. वर्गात सगळ्यांना हे दिसत होतं, कुणी त्यावर बोललं नाही.

शब्द अडला तर हल्ली फोनमध्ये कोश आहे. अल्बर्टा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने केलेला, ‘इत्वेविन’ नावाचा. क्रियापद कुठल्याही रूपात टाका, तो मूळ शोधून देतो, आणि बऱ्याच शब्दांवर मस्क्वचीस या क्री वस्तीतल्या बोलणाऱ्यांचे आवाज ऐकायला मिळतात. हीच ती मस्क्वचीस, जिथे 2022 च्या जुलैत पोप फ्रान्सिस यांनी येऊन निवासी शाळांबद्दल माफी मागितली. आजींना कोशापेक्षा त्या आवाजांचं अप्रूप. एकदा एक आवाज ऐकून म्हणाल्या, “ही बाई आमच्या नात्यातली असणार, शेवटचा स्वर बघ कसा सोडते.”

रेजायनाच्या फर्स्ट नेशन्स विद्यापीठात दीर्घकाळ क्री शिकवलेले सॉलोमन रॅट स्वतः निवासी शाळेतून गेलेले. कोविडच्या काळात घरी बसून त्यांनी क्रीतून बोलण्याच्या चित्रफिती टाकल्या, त्या इथे घराघरांत पाहिल्या गेल्या. आणि फ्रीडा आहेनाक्यू. 1932 चा जन्म, बारा मुलांची आई. मुलांनी शाळा सोडू नये म्हणून वयाच्या चाळिशीच्या आसपास स्वतः शाळेत परत गेल्या आणि पुढे 1984 मध्ये क्रीच्या व्याकरणावर एम.ए.चा प्रबंध लिहिला. क्री बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या आठवणी त्यांनी त्यांच्याच शब्दांत, क्रीत, नोंदवून ठेवल्या. बारा लेकरांचं करून ही बाई व्याकरण लिहिते हे मी मुलाच्या आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “माझं एकच आहे.” आणि वही उघडून बसली.

तो नळावरचा कागद आजींनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्या बराच वेळ बघत राहिल्या. “ही कुठली अक्षरं?” मी सांगितलं. प, पि, पु, पे लिहून दाखवलं, एकाच प ला वेलांटी, उकार आणि मात्रा. त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि शेजारी एक कोन काढला. कोनाची उघडी बाजू वर असली तर पे, खाली असली तर पि. डावीकडे असली तर पु, उजवीकडे असली तर प. डोक्यावर टिंब दिलं की स्वर दीर्घ. व्यंजन तेच, फक्त त्याचं तोंड फिरतं. मी अवाक झाले. ती तर बाराखडीच होती.

त्यांच्या आजीकडे या लिपीतलं भजनांचं पुस्तक होतं, त्यावरून त्या शिकल्या होत्या, शाळेत नेण्याआधी. नंतर मी वाचलं. जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्याने 1840 च्या सुमारास नॉर्वे हाऊस इथे ही लिपी छापात आणली, आणि तिच्या घडणीमागे पिटमनच्या लघुलेखनाबरोबर देवनागरीचीही प्रेरणा असावी असं अभ्यासक मानतात. क्री लोकांची परंपरा वेगळं सांगते. मिस्तनाकोवेव नावाचा पुरुष मरून आत्म्यांच्या लोकात गेला आणि भूर्जपत्रावर ही चिन्हं घेऊन परत आला. आजी ही दुसरी गोष्ट सांगतात आणि मी ती ऐकते. पण माझ्या अआइईचा एखादा कवडसा या बर्फात येऊन पडला असेल, या कल्पनेने त्या रात्री मला झोप आली नाही.

मग आमच्या दोघींच्या गप्पांना तोंड फुटलं. आपल्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात, असं मी सांगितलं. क्रीतही निरोपाचा शब्द नाही, ‘पुन्हा भेटू’ म्हणतात. चहाला त्या मस्किह्कीवापुय म्हणतात, औषधाचं पाणी. माझ्या आजीने तिच्या सासऱ्याला जन्मभर मामंजी म्हटलं आणि सासूला आत्याबाई, आणि क्रीत आईच्या भावाला आणि सासऱ्याला एकच शब्द आहे, निसिस. वडिलांच्या बहिणीला आणि सासूला एकच, निसिकुस. मावशी म्हणजे निकावीस, जवळजवळ आईच. इंग्रजीत हे सगळे अंकल आणि आंटी. मी अचलपूरची आणि त्या अल्बर्टाच्या, आणि नात्यांचा नकाशा दोघींचा मिळताजुळता.

त्यातलं एक मात्र मी माझ्या मुलालाही घरी जाऊन सांगितलं. इंग्रजीत ‘वुई’ म्हटलं की कळत नाही, समोरचा त्यात आहे की नाही. हिंदीतही नाही कळत. मराठीत कळतं. ‘आम्ही’ म्हणजे तू सोडून, ‘आपण’ म्हणजे तुझ्यासकट. क्रीत नेमकं हेच आहे. नियनान म्हणजे आम्ही, कियानव म्हणजे आपण. आणि आज्ञार्थात आपल्या ‘या’सारखा एक शेपटा लागतो, ‘तान’. मीचिसुतान, जेवूया. नेहियवेतान, क्री बोलूया. पहिल्यांदा जेवायच्या वेळी आजी माझ्याकडे बघून ‘मीचिसुतान’ म्हणाल्या. पाहुणी म्हणून मी कडेला उभी होते. मी ताट घेतलं.

इथवर लिहून थांबले असते तर हा लेख मला गोड गेला असता. पण माझे बाबा मेळघाटात, धारणी तालुक्यात, आश्रमशाळेवर शिक्षक होते. 1984 पासून. मुलं कोरकू पाड्यांवरून यायची. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिचं मराठीशी गोत्र नाही, संथाळीशी आहे. बाबांनी कुणावर हात उचलला नाही. मुलं त्यांच्यावर जीव टाकायची, अजूनही एक-दोघं दिवाळीला भेटायला येतात. त्यांनी एक साधी पद्धत ठेवली होती. जो आठवडाभर वर्गात कोरकू बोलणार नाही, त्याला शनिवारी गूळ-शेंगदाणे. मी लहान असताना सुट्टीत जायची तेव्हा त्या पिशवीतून शेंगदाणे वाटायचं काम माझ्याकडे असायचं.

आजींच्या बटाट्यांची गोष्ट मी बाबांना फोनवर सांगितली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “चांगल्यासाठीच केलं गं. त्यांना बारावीपर्यंत न्यायचं होतं.” पुन्हा शांतता. “एक पोरगी होती, पहिले सहा महिने एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, लाजाळू आहे.”

दोन्ही शाळा एक नव्हेत, हे मला कळतं. मेळघाटात आईबापांना तुरुंगाची भीती घालून मुलं आणली नव्हती, सुट्टीत ती घरी जायची, बाबा त्यांच्या पाड्यांवर जाऊन भाकर खायचे. पण शहाणं व्हायचं तर घरची भाषा फाटकाबाहेर ठेवून यायचं, ही समजूत तीच. इंग्रजीपुढे आपण नेहमी धाकट्याच्या जागी उभे राहून बोलतो. सातपुड्यात मराठी थोरल्याच्या जागी होती, आणि तिथे ती कशी वागली हे आपणच सांगायला हवं. त्याच डोंगरांच्या पायथ्याशी, बुलढाण्याच्या जळगाव जामोदकडे, निहाली नावाची भाषा आहे, जगातल्या कुठल्याच भाषाकुळाशी तिचं नातं सिद्ध झालेलं नाही. मोजकी हजारभर-दोन हजार माणसं ती बोलतात. गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेने 2019 मध्ये गोंडीतून शिकवणारी शाळा स्वतः काढली. तिथेही कुणी तरी दारापासून ताटापर्यंतची वाट शोधत असणार.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. गेल्या दिवाळीत भेटायला आलेल्या विद्यार्थ्याला त्यांनी विचारलं, तुझी नात कोरकू बोलते का रे? तो म्हणाला, नाही गुरुजी, मराठी शाळेत जाते. बाबांनी मला हे सांगितलं आणि फोन आईकडे दिला.

माझा स्वतःचा मुलगा अकरा वर्षांचा. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देतो. मला त्याचं दुःख होतं, पण आता मी ते आजींच्या दुःखाशेजारी ठेवत नाही. त्याची मराठी इथे निसटली तर अचलपुरात ती आहे, आठ कोटींहून जास्त माणसं ती बोलतात, तो हवं तेव्हा जाऊन उचलू शकतो. आम्ही आपणहून आलो, विमानाचं तिकीट काढून. नेहियवेविन इथून निसटली तर ती उचलायला जायला दुसरं कुठलंच गाव नाही. तरी मी आमच्या घरातही एक वाट निवडली आहे, जेवणाचं ताट वाढल्यापासून उष्टं उचलेपर्यंतची. त्या वाटेवर मराठीच. तो कुरकुरतो आणि मग ‘आई, वरण वाढ’ म्हणतो.

गेल्या जानेवारीतला एक गुरुवार. बाहेर उणे एकोणतीस. वर्ग संपला, एकुसि म्हणून सगळे उठले, एकुसि म्हणजे झालं, इतकंच. दाराशी कोट, टोप्या, बुटांची झुंबड. क्रीत वस्तूंचे दोन वर्ग आहेत, सजीव आणि निर्जीव, आणि ते जीव असण्यावर ठरत नाहीत. दगड सजीव आहे, स्ट्रॉबेरी निर्जीव पण रास्पबेरी सजीव. बूट निर्जीव आणि हातमोजा, अस्तिस, सजीव. आपण वाटीला ती आणि पेल्याला तो का म्हणतो, तसंच हे. पाठ होत नाही, कानात बसावं लागतं. ‘कुठे आहे’ विचारायचं तर निर्जीवाला तानिवे आणि सजीवाला तानिवा. माझ्या कागदावर फक्त तानिवे आहे. वर्गात अजून ती रूपं घेतलीच नव्हती, त्याच्या आईचाही त्यात अजून घोळ होतो.

मुलाचा एक हातमोजा हीटरवर वाळत ठेवला होता, तो तिथे नव्हता. मुलगा गर्दीत, एक हात उघडा, मान वर करून सगळ्यांच्या पायांमधून बघत होता. मग तो ओरडला, “तानिवा नितस्तिस?”

माझा हातमोजा कुठे गेला? सजीव रूपात. त्याच्या आईने बुटाची दोरी बांधता बांधता वर पाहिलं. तिने शिकवलेलं नव्हतं, मी शिकवलेलं नव्हतं. बाकांच्या त्या टोकाला आजी कोटाची चेन लावत उभ्या होत्या, त्यांच्या खिशातून लाल लोकरीचा अंगठा बाहेर आलेला.

“ओता, नोसिसिम,” आजी म्हणाल्या. हा बघ इथे, माझ्या नातवा. आणि खाली वाकून त्यांनी तो त्याच्या हातात चढवला, एकेक बोट आत नीट गेलंय ना ते चाचपून.